अपेंडिक्सची तेरवी

ज्या अवयवाचा माणसाला काडीचा उपयोग नाही असं म्हणतात, त्याच्या जोरावर भोयर सरांनी आमच्या गल्लीवर बरीच वर्षं राज्य केलं. अवयव म्हणजे अपेंडिक्स. आणि राज्य म्हणजे अगदी राज्यच. बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीत कुणाचं पोट दुखलं की आधी भोयर सर आणि सरांनी हो म्हटलं तरच डॉक्टर, असा रिवाज पडून गेला होता.

सर सिंदी रेल्वे या गावातल्या एका शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे घर बांधलं, माझ्या घराला भिंत लावून. सर निवृत्त झाले तरी त्यांची शिट्टी झाली नव्हती. नळाला पाणी आलं की शिट्टी, कचऱ्याची गाडी आली की शिट्टी, कुणाच्या गायीनं कुणाच्या फाटकात तोंड घातलं की दोन शिट्ट्या. अंगानं काटक, ताठ, आणि घरी असले की अंगात बनियन. त्या बनियनचा मुख्य उपयोग तो वर करण्यासाठी होता. वर केला की पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, एक वेडावाकडा व्रण दिसायचा. गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याचं सामान टेम्पोतून उतरायच्या आत सर त्याच्यासमोर हजर.

"नाव काय तुमचं?"

तो नाव सांगायचा.

"काढला का?"

"काय काढला?"

"अपेंडिक्स."

नाही म्हटलं की सर त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे, की बिचाऱ्याला आपलं लग्नच झालं नाही असं वाटावं. मग बनियन वर. "हे पाहा. हे अनुभव हाये. पोट दुखलं का येजा मायाकडे, लाजजा नोका." एका बँकवाल्या पोरानं हे बघून दुसऱ्याच दिवशी दुसरी खोली शोधायला घेतली होती. त्याला कसंबसं समजावून थांबवलं, ते मीच.

हा व्रण सरांना कसा मिळाला ते मला ठाऊक आहे, कारण मी तेव्हा शेजारीच होतो. दिवाळीचे दिवस होते. सरांचं पोट दुखायला लागलं, आणि पीटीच्या मास्तराचं पोट दुखणं हे त्यांना कमीपणाचं वाटलं. ओवा खाल्ला, आलं चावलं, शवासन केलं. ताप चढला तरी म्हणायचे, "व्यायामाची गरमी हाये." शेवटी भोयरकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेजारच्या ऑटोवाल्याला बोलावून त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथं ऑपरेशन झालं. सर बरेच दिवस तिथं होते आणि परत आले ते पोटावर पट्टी बांधून, ऑटोतून उतरताना एक हात वर करून, निवडणूक जिंकल्यासारखे.

"गेला!" फाटकातूनच ओरडले.

"कोन गेला जी?" समोरच्या म्हाताऱ्यानं घाबरून विचारलं.

"अपेंडिक्स! सडेल होता. गेला."

आता इथपर्यंत कुणाचंही होतं. पुढचं फक्त भोयर सरच करू जाणे. घरचं माणूस गेलं की आपल्याकडे तेरवी होते, मग जन्मापासून सोबत राहिलेला अवयव गेला तर त्याची का नको, असं त्यांच्या डोक्यात आलं. काकूंनी डोक्याला हात लावला, पण आचाऱ्याला सांगून झालं होतं. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे अपेंडिक्स यांचे अल्पशा आजाराने'. अंगणात मांडव पडला. विज्ञानाच्या पुस्तकातलं आतड्याचं चित्र मोठं करून, फ्रेम लावून खुर्चीवर ठेवलं, त्याला झेंडूचा हार, समोर उदबत्ती. आलू-वांग्याची भाजी, वडे, कढी आणि बुंदी. आम्ही सगळे नाक मुरडत गेलो आणि वड्यांवर तुटून पडलो.

रोहण्याहून सरांची मावसबहीण आली. तिला निरोप नुसता 'भोयरांकडे तेरवी' एवढाच पोचला होता. ती फाटकातूनच हंबरडा फोडत आत शिरली. "कसा गेला वो माया भाऊ! मले तोंड बी नाई दाखवलं!" बायकांनी तिला धरून पंगतीत बसवलं, आणि तिच्या पानात बुंदी वाढायला वाकलेला माणूस म्हणजे तिचा भाऊच. ती बाई अशी किंचाळली की पंगतीतल्या दोघांच्या कढीच्या वाट्या सांडल्या. मग तिनं सरांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि बसून पोटभर जेवली.

जेवणं झाल्यावर सरांनी श्रद्धांजलीचं भाषण केलं. "तो आमच्यासंगं जन्मला. त्यानं जनमभर काई काम केलं नाई. जागेवर बसून राह्यला, अन् शेवटी सगळ्याईले तरास देऊन गेला. आमच्या हेडमास्तरासारखा." हेडमास्तर समोरच बसलेले होते. त्यांनीच सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून सर अधिकारी झाले. पोटदुखीचा माणूस आला की त्याला ओट्यावर उभा करायचे. आधी चौकशी. कुठं दुखलं आधी? बेंबीपाशी? मग उजवीकडे सरकलं का? भूक हाये का? मळमळते का? आणि मग त्यांची ती परीक्षा. "मार उडी. उजव्या पायावर. एक, दोन," आणि शिट्टी. उडी मारताना माणूस कळवळला तर अपेंडिक्स, नाहीतर गॅस. गंमत म्हणजे यातलं बरंचसं खरंही होतं. हे सगळं ते दवाखान्यातून शिकून आले होते. पण कारणं मात्र त्यांची स्वतःची, आणि ती हंगामाप्रमाणे बदलायची. उन्हाळ्यात जेवल्यावर लगेच माठातलं पाणी प्यायल्यानं अपेंडिक्स होतो. पावसाळ्यात डाव्या कुशीवर झोपल्यानं. मार्चमध्ये, परीक्षांच्या काळात, राग गिळल्यानं. आणि हिवाळ्यात बिया गिळल्यानं.

या बियांवरून मोठं महाभारत झालं. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. थंडीत गिरजाबाई जामाची हातगाडी घेऊन गल्लीत यायची. सरांनी ठरवलं की आपला अपेंडिक्स जामाच्या बीनंच गेला. मग काय, गिरजाबाई "जाम घ्या, जाम" म्हणून ओरडली की सर ओट्यावरून ओरडायचे, "बिया काढून खाजा! बी अडकली का मेले!" बायका घेतलेले जाम परत गाडीवर ठेवायला लागल्या. दोन-तीन दिवस गिरजाबाईनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी ती गाडीवर जामाच्या शेजारी तिच्या म्हाताऱ्या बापाला बसवून घेऊन आली. गाडी थेट सरांच्या ओट्याला लावली.

"हा माया बाप. जनमभर जाम खाल्ले यानं, बियासकट. पाहा याचं पोट. काऊन नाई मेला हा?"

सर गडबडले. पण माघार घेणारा माणूस नव्हे. त्यांनी म्हाताऱ्याला उतरवलं, उजव्या पायावर उभं केलं आणि शिट्टी वाजवली. म्हातारा टुणकन उडाला. परत उडाला. मग म्हणाला, "अजून मारू का? पन आधी चहा सांगा."

सगळी गल्ली हसत होती. सरांनी चहा सांगितला, म्हाताऱ्याच्या पोटावरून हात फिरवला आणि निर्णय दिला, "पहिलेच्या बिया बारीक असत. आताच्या हायब्रीड हाये." गिरजाबाईनं त्यांना एक जाम फेकून मारला. तो त्यांनी झेलला आणि, खोटं कशाला सांगू, आत जाऊन खाल्लासुद्धा.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग गेल्याच्या गेल्या वर्षी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, सरांचं पोट दुखायला लागलं.

सकाळी नळाला पाणी आलं आणि शिट्टी वाजली नाही, तेव्हाच मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं होतं. काकूंनी भिंतीवरून हाक मारली. गेलो तर सर खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले, चेहरा काळवंडलेला. रात्री बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे आलं होतं. चहासुद्धा नको म्हणाले. म्हणजे त्यांनीच आम्हाला शिकवलेली यादी बरोब्बर जुळत होती.

"सर, हा अपेंडिक्सच वाटतो," मी म्हणालो.

"येडा हाये का बे तू? असन कसा? तेरवी जेवला ना तू त्याची?"

मी खरंच जेवलो होतो. वडे दोनदा घेतले होते.

"गॅस हाये," सर म्हणाले. "एरंडेल दे वं मले, अन् गरम पान्याची पिशवी."

एव्हाना समोरचा म्हातारा, ऑटोवाला, बँकवाला पोरगा असे सगळे दारात जमा झाले होते. काकू एरंडेलाची बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ती उघडली नाही.

"गॅस हाये त मारा उडी," त्या म्हणाल्या.

सर आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. इतकी वर्षं सगळ्या गल्लीला उड्या मारायला लावणारा माणूस. सर उठले. भिंतीला धरून उभे राहिले. डाव्या पायावर एक बारीकशी उडी मारली.

"उजव्या," काकू म्हणाल्या.

सरांनी डावा पाय उचलला. उजव्या पायावर उभे राहिले. कपाळावर घाम डबडबला होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मारा सर, एकदाची मारा आणि आम्हाला खोटं पाडा. पण त्यांनी पाय हळूच खाली ठेवला आणि खाटेवर बसले. कुणीच हसलं नाही. ऑटोवाला न सांगता ऑटो काढायला गेला.

दवाखान्यात एक तरुण बाई डॉक्टर होत्या. त्यांनी सरांचं पोट दाबलं, सर ओरडले. दाबलेला हात सोडला, तर जास्त ओरडले.

"काका, अपेंडिक्सचं दुखणं दिसतंय."

"मले अपेंडिक्स नाई. काढला." सरांनी सवयीनं बनियन वर करायला हात नेला, पण तो आधीच वर होता.

डॉक्टरांनी व्रण बघितला, सोनोग्राफी केली, आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या. "काका, अपेंडिक्स आहे आत. चांगला सुजलेला आहे. मागच्या वेळी तुम्ही फार उशिरा गेला असाल. तो फुटून आत पू साचला असेल, आतडी एकमेकांना चिकटली असतील. अशा वेळी आम्ही कधी कधी नुसता पू काढतो. बाकीचं तेव्हा ओढाताण करून काढायला गेलं तर आतड्याला इजा होते. आत सगळं निवलं की पेशंटला पुन्हा बोलावतो आणि मग अपेंडिक्स काढतो. तुम्हाला बोलावलं नव्हतं का?"

सर छताकडे बघायला लागले.

"बोलावलं होतं का जी?" काकूंनी विचारलं.

मी पडद्याजवळ त्यांच्या चपला हातात धरून उभा होतो. बाहेर जावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

"बोलावलं होतं," शेवटी सर म्हणाले. "सुट्टी देतानाच सांगतलं होतं डॉक्टरनं, का दोन-अडीच महिन्यानं या, तवा काढू. पन मी येऊन लोकाईले सांगून बसलो होतो का गेला म्हून. मंग तेरवी झाली. लोक जेवून गेले. फोटोले हार घातला त्याच्या. आता कोन्या तोंडानं सांगू का मयत जिवंत हाये? अन् दुखत बी नव्हतं. मले वाटलं, वाळून गेला असन."

डॉक्टर इतका वेळ गंभीर होत्या. तेरवीचं ऐकल्यावर त्यांनी एकदम मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. त्यांचे खांदे हलत होते.

काकू मात्र हसल्या नाहीत. "लोक जेवून गेले म्हून तुम्ही मरता का?" एवढंच म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी काकूंना एवढ्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला सरांचा भयंकर राग आला. वाटलं, हातातल्या चपलेनंच एक ठेवून द्यावी.

डॉक्टरांनी एरंडेल घेतलं का ते विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "वाचलात. अशा पोटावर जुलाब घेतला, शेक दिला, की फुटायला वेळ लागत नाही. मग पू सगळ्या पोटात पसरतो, रक्तात विष चढतं. माणूस हाताला लागत नाही."

"पन मले झाला कायनं हा? जामाच्या बीनं का?" ऑपरेशनला नेत होते तरी सरांना कारण हवं होतं.

"बी क्वचित अडकते. बहुतेक वेळा घट्ट झालेल्या शौचाचा खडा त्याच्या तोंडाशी अडकतो, मग आत सूज येते. कधी कधी तर कशानं झालं तेच कळत नाही."

"निस्ता खडा? अन् तो बी तसला?" सर म्हणाले. त्यांचा इतका हिरमोड झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. चाकांच्या खाटेवरून त्यांना आत नेलं, तेव्हाही ते मान हलवत होते.

आत गेल्यावर कळलं की अपेंडिक्स फुटायला सुरुवात झाली होती. पोट धुवावं लागलं, नळी ठेवावी लागली. काही दिवस फार वाईट गेले. सरांना ताप उतरेना, आणि काकू वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. गल्लीतले आम्ही आळीपाळीनं जायचो. गिरजाबाई एक दिवस जाम घेऊन आली, आणि खाऊ देत नाहीत म्हटल्यावर ते वॉर्डातल्या नर्सना वाटून गेली. मला त्या दिवसांत सारखं वाटायचं, हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत आम्हा लोकांच्या हसण्याला भिऊन मरणार. आणि हसणारे म्हणजे आम्हीच की.

पण नाही मेले. ताप उतरला, नळी निघाली. डॉक्टरांनी त्यांना काढलेला अपेंडिक्स बरणीत दाखवला. सरांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "एवढासाच? याच्यासाठी मी बुंदी केली होती?"

घरी आल्यावर गल्लीनं अर्थात सोडलं नाही. समोरचा म्हातारा रोज फाटकाशी येऊन विचारायचा, "सर, दुसरी तेरवी कवा?" सर चिडतील, दार लावून बसतील असं मला वाटलं होतं. तर ते आपणच ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागले, आणि येईल त्याला आपल्या मूर्खपणाची गोष्ट सांगायला लागले. तीही पूर्वीच्याच थाटात, बनियन वर करून, जुना व्रण आणि नवा व्रण बोटानं दाखवत. "हे दुखणं. अन् हे येडेपन." मूर्खपणातसुद्धा त्यांना पहिला नंबर हवा होता.

आता सर अकोल्याला मुलीकडे राहायला गेलेत. जाण्याआधीची आमची एकच भेट मला राहून राहून आठवते. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले ते कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. मी जरा जास्तच खाल्ले. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर पोट धरून बसलो, तर भिंतीपलीकडून सरांनी बघितलं. मला वाटलं, आता बेंबी, मळमळ, उडी. पण सर काही न बोलता आत गेले, शर्ट घालून आले आणि स्कूटर बाहेर काढली.

"बस मांगं."

"सर, थोडं दुखतंय फक्त. संध्याकाळपर्यंत बघतो."

"बस म्हनलं ना."

रस्ताभर एक प्रश्न विचारला नाही. दवाखान्यात डॉक्टरांना म्हणाले, "याले मी काई विचारलं नाई, काई सांगतलं नाई, काई खाऊ घातलं नाई. तुम्हीच पाहा." आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

तपासणी झाली. गॅस निघाला. नुसता गॅस. मी ओशाळून बाहेर आलो. सर उठून उभे राहिले.

"गॅस आहे सर. उगीच तुम्हाला त्रास. गल्लीत कळलं तर लोक हसतील."

सरांनी माझे दोन्ही दंड घट्ट धरले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. "हासू दे ना बे," ते म्हणाले. "हासून राह्यले म्हंजे तू हायेस."

मग बाहेर येऊन त्यांनी स्कूटरला किक मारली. ती काही केल्या चालू होईना. शेवटी मी एका हातानं पोट धरून मागून स्कूटर ढकलत होतो, आणि सर पुढे हँडल धरून, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांना आनंदानं ओरडून सांगत होते, "गॅस हाये याले! निस्ता गॅस!"